ॲनी ओकली

ॲनी ओकली (जन्म : १३ ऑगस्ट १८६०, डार्क काउंटी, ओहायो, मृत्यू : ३ नोव्हेंबर १९२६, ग्रीनव्हिल, ओहायो) ही अमेरिकन नेमबाज होती. तिचे मूळ नाव फीबी ॲन मोझी. बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' या फिरत्या खेळातील कामगिरीमुळे ती अमेरिकेत व युरोपात प्रसिद्धीस आली. शॉटगन, रायफल व पिस्तूल ही तिन्ही हत्यारे ती सारख्याच सहजतेने चालवीत असे. नेमबाजी हा श्रीमंतांच्या क्लबांतील किंवा सैनिकांचा विषय समजला जाण्याच्या काळात वडिलांच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीवर ती शिकली आणि पुढे हजारो स्त्रियांना तिने ही कला शिकवली.

जन्म व कुटुंब

ॲनीचा जन्म ओहायो राज्याच्या पश्चिम सीमेजवळ, डार्क काउंटीतील वुडलँड या वस्तीनजीकच्या एका लाकडी झोपडीत झाला. ही वस्ती आता विलोडेल या नावाने ओळखली जाते. वडील जेकब व आई सुझन हे क्वेकर पंथाचे होते आणि पेनसिल्व्हेनियातून येथे शेती करण्यासाठी आले होते. आडनाव मोझी की मोझेस याविषयी घरातच एकवाक्यता नव्हती. ॲनी स्वतः मोझी हेच रूप वापरी.

१८६५-६६ च्या हिवाळ्यात धान्य दळून व सामान घेऊन परतताना जेकब बर्फाच्या वादळात सापडले. गारठ्याने त्यांचे हातपाय निकामी झाले व काही महिन्यांतच न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ॲनी सहा वर्षांचीही नव्हती. सुझन यांच्या पदरी लहान मुले आणि डोक्यावर कर्ज होते. त्यांनी दुसरा विवाह केला, परंतु तो पतीही थोड्याच वर्षांत वारला व मागे आणखी एक तान्ही मुलगी राहिली.

या दारिद्र्यात ॲनीने रानात सापळे लावून पक्षी धरण्यास सुरुवात केली. चुलीच्या वर भिंतीला वडिलांची रायफल टांगलेली होती. तिच्या सांगण्यानुसार आठव्या वर्षी तिने ती खाली काढली आणि कुंपणावरची खार टिपली. अशा आठवणी पुढे प्रसिद्धीच्या काळात सांगितल्या गेलेल्या असल्याने त्यांचे तपशील जसेच्या तसे घेता येत नाहीत. बंदूक घरात होती, ती जुनी होती आणि मुलीने ती कुणाच्याही औपचारिक शिकवणीवाचून हाताळली, एवढे मात्र सर्व चरित्रकारांना मान्य आहे.

अनाथालय व वेठबिगारी

१८७० च्या मार्चमध्ये, दहावे वर्ष पुरे होण्याआधीच, ॲनीला काउंटीच्या निराधारगृहात ठेवण्यात आले. तेथे अनाथ मुले, वृद्ध, अपंग व मनोरुग्ण एकत्र राहत. अधीक्षक सॅम्युएल एडिंग्टन यांच्या पत्नी नॅन्सी यांनी तिला शिवणकाम व भरतकाम शिकवले. ही विद्या तिला जन्मभर उपयोगी पडली. रिंगणात घालायचे पोशाख ती स्वतः शिवीत असे.

लवकरच एका शेतकरी कुटुंबाने तान्हे मूल सांभाळण्यासाठी तिला नेले. आठवड्याला ५० सेंट व शाळेत जाण्याची मुभा असे आश्वासन होते. प्रत्यक्षात दोन्ही मिळाले नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, मारहाण आणि घरी पत्र लिहिण्यास मनाई, अशी सुमारे दोन वर्षे गेली. रात्री मोजे रफू करताना डुलकी लागली म्हणून तिला एकदा बर्फात अनवाणी बाहेर उभे करण्यात आले होते. तिने पुढे आपल्या आठवणींत या माणसांचे नाव कधीच घेतले नाही, त्यांना ती केवळ लांडगे म्हणत असे. १८७२ च्या सुमारास ती तेथून पळाली, काही काळ एडिंग्टन कुटुंबाकडे राहिली आणि पंधरा वर्षांची होण्याच्या सुमारास आईकडे परतली.

शिकारीवर घर

घरी आल्यावर बंदूक हेच तिचे चरितार्थाचे साधन झाले. ग्रीनव्हिल येथील कॅट्झेनबर्गर बंधूंच्या दुकानात ती लाव्हे, रानकोंबड्या, ससे विकू लागली. दुकानदार हा माल सिनसिनाटीसारख्या शहरांतील हॉटेलांकडे पाठवीत. जनावर डोक्यात गोळी लागून पडलेले असे, त्यामुळे मांसात शिसे राहत नसे आणि तिच्या मालाला मागणी असे, असे सांगितले जाते. या कमाईतून तिने आईच्या शेतावरील २०० डॉलरचे गहाणखत फेडले.

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारासाठी दारू मोजून घालावी लागते, गोळी गजाने ठासावी लागते आणि चापाखाली टोपी बसवावी लागते. दुसरा बार तयार होईपर्यंत सावज नाहीसे होते. शिवाय दारू आणि शिसे यांना पैसे पडतात. जिच्या घरात पै-पैचा हिशेब होता तिला चुकलेला बार परवडणारा नव्हता. तिच्या पुढच्या अचूकतेचे मूळ या काटकसरीत शोधणे वावगे ठरणार नाही.

मेणबत्तीवरचा नेम

ओहायो नदीच्या दोन्ही काठांवरील वसाहतींत नेमबाजी हा फावल्या वेळचा खेळ होता. शिकारीसाठी घरोघरी असलेली साधी रायफलच त्यासाठी वापरली जाई. पक्षिशास्त्रज्ञ जॉन जेम्स ऑड्युबन याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकीतील अशा खेळांचे वर्णन लिहून ठेवले आहे. फळीत अर्धवट ठोकलेला खिळा गोळीने आत ठोकणे हा एक प्रकार. दुसरा रात्रीचा. अंधारात सुमारे ५० यार्डांवर मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि ज्योत न विझवता तिच्या वातीची काजळी गोळीने झाडायची. मेणबत्तीजवळ एक माणूस निकाल सांगण्यासाठी उभा राही आणि ज्योत विझली तर पुन्हा लावी. ऑड्युबनने पाहिलेल्या एका नेमबाजाने सातांपैकी तीन वेळा काजळी झाडली होती. उरलेल्या गोळ्यांनी एकतर ज्योत विझली किंवा मेणबत्तीच ज्योतीखाली तुटली. या खेळामागे उपयोगही होता. मशालीच्या उजेडात हरणाचे किंवा लांडग्याचे चकाकणारे डोळे हेच रात्रीच्या शिकाऱ्याचे लक्ष्य असे.

दिवसा नेमबाजाला नळीवरची नेमखूण व लक्ष्य ही दोन्ही स्पष्ट दिसतात. रात्री लक्ष्य उजळलेले असते, पण हातातली बंदूक अंधारात असते. ज्योत डोळ्याला आहे त्यापेक्षा मोठी भासते आणि तिच्या मध्यावर नेम धरणाऱ्याची गोळी वातीच्या वरून निघून जाते. म्हणून नेम ज्योतीच्या बुडाशी धरावा लागतो. महाग बंदूक येथे फारशी मदत करीत नाही. ओळखीची बंदूक करते. ॲनीच्या रंगमंचावरील प्रयोगांत मेणबत्तीची ज्योत गोळीने विझवणे हा भाग असे. नाट्यगृहातील प्रेक्षकांना तो जादूचा प्रयोग वाटला तरी वसाहतींतील हा जुना करमणुकीचा प्रकार तिने रंगमंचावर आणला होता.

फ्रँक बटलरशी सामना

फ्रँक बटलर हा आयर्लंडहून अमेरिकेत आलेला, गावोगाव नेमबाजीचे प्रयोग करणारा कलावंत होता. सिनसिनाटीत असताना कोणत्याही स्थानिक नेमबाजाला आपण हरवू, अशी १०० डॉलरची पैज त्याने जॅक फ्रॉस्ट नावाच्या हॉटेलमालकाशी लावली. फ्रॉस्टने प्रतिस्पर्धी म्हणून ॲनीला उभे केले. ठेंगणीठुसकी ग्रामीण मुलगी समोर पाहून बटलर चकित झाला. पंचविसाव्या लक्ष्यावर त्याचा नेम चुकला, तिचा लागला आणि तो पैज हरला.

हा सामना कधी झाला याविषयी मतभेद आहेत. पारंपरिक कथनात १८७५ सालचा थँक्सगिव्हिंगचा दिवस येतो, तर बटलरच्या प्रयोगांच्या नोंदी तपासणारे अभ्यासक १८८१ सालाकडे झुकतात. विवाहाच्या बाबतीतही तोच घोळ आहे. दांपत्य १८७६ सांगत असे, पण उपलब्ध दाखला २० जून १८८२ चा, कॅनडातील विंडसर गावचा आहे. बटलरचा आधीचा विवाह हे या तफावतीचे कारण असावे, असा तर्क केला जातो.

१ मे १८८२ रोजी ओहायोतील स्प्रिंगफिल्ड येथे बटलरचा जोडीदार आजारी पडल्याने ॲनी त्याच्याबरोबर रंगमंचावर उभी राहिली. प्रेक्षकांची पसंती कोणाला आहे हे ओळखण्यास बटलरला वेळ लागला नाही. काही काळाने त्याने स्वतःचा नेम बाजूला ठेवला. पुढची चाळीसहून अधिक वर्षे तो तिचा व्यवस्थापक, करारमदार पाहणारा, हवेत काचेचे गोळे फेकणारा आणि हातात पत्ता धरून उभा राहणारा सहकारी होता. एकोणिसाव्या शतकात एखाद्या पुरुषाने पत्नीचे श्रेष्ठत्व असे उघडपणे मान्य करणे दुर्मीळच होते. 'ओकली' हे रंगमंचीय नाव सिनसिनाटीजवळील त्याच नावाच्या वस्तीवरून घेतले असावे.

सिटिंग बुल

मार्च १८८४ मध्ये सेंट पॉल (मिनेसोटा) येथील प्रयोग लकोटा जमातीचा नेता सिटिंग बुल याने पाहिला. तो त्या वेळी सरकारच्या नजरकैदेत होता. तिची नेमबाजी पाहून तो इतका प्रभावित झाला की त्याने तिला मानलेली मुलगी केले व लकोटा भाषेत 'वतान्या सिसिला' हे नाव दिले. अचूक नेमाची लहानगी, असा त्याचा अर्थ लावला जातो. तिची उंची जेमतेम पाच फूट होती. या नात्याचा जाहिरातीसाठी भरपूर उपयोग झाला हे खरे. पण १८८५ च्या हंगामात दोघे एकाच खेळात असताना त्यांच्यात आपुलकी होती आणि १८९० मध्ये सिटिंग बुल मारला गेल्याचे तिला दुःख झाले, हेही खरे.

बफेलो बिलचा खेळ

१८८५ च्या एप्रिलमध्ये लुइव्हिल येथे ॲनी व फ्रँक विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याच्या 'वाइल्ड वेस्ट' खेळात दाखल झाले. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. पश्चिमेच्या रानटी प्रदेशाची प्रतिनिधी म्हणून जगाने जिला ओळखले ती ॲनी ओहायोची होती. पश्चिमेत ती कधी वसली नव्हती. खेळात मात्र पश्चिमेचे चित्र तिच्यावाचून पुरे होत नसे.

कार्यक्रमात तिचा क्रम आरंभीच ठेवला जाई. बंदुकांच्या आवाजाने स्त्रिया व मुले घाबरत. रिंगणात एक नाजूक बाई धावत येऊन हसत गोळ्या झाडते हे पाहिले की त्यांची भीती मोडे. तिच्या प्रयोगात नाट्यही असे. मुद्दाम एखादा नेम चुकवून ती ओठ काढी, पाय आपटी आणि पुढच्या बाराला लक्ष्य फोडून उडी मारी. आरशात किंवा चाकूच्या पात्यात पाहून पाठीमागचे लक्ष्य टिपणे, उभ्या कडेने धरलेला पत्ता कापणे, हवेत फेकलेले नाणे उडवणे हे तिचे गाजलेले प्रकार होते. छिद्रे पडलेले पत्ते प्रेक्षकांत वाटले जात. पुढे अमेरिकन नाट्यव्यवसायात छिद्र पाडलेल्या फुकट प्रवेशिकेलाच 'ॲनी ओकली' म्हणू लागले.

१८८६ च्या उन्हाळ्यात खेळ न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर मुक्कामाला होता आणि हिवाळ्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या छपराखाली. दिवसभर काम करणाऱ्या शहरी माणसाला संध्याकाळीच सवड असे, म्हणून रात्रीचे प्रयोग आवश्यक झाले. १८९४ मध्ये ब्रुकलिनच्या ॲम्ब्रोज पार्कमध्ये तर विजेच्या दिव्यांत रोज रात्री प्रयोग होत. रिंगणात ती बहुधा शॉटगन वापरी. छर्रे थोड्या अंतरावर जाऊन पडतात, रायफलची गोळी मात्र प्रेक्षकांच्या डोक्यावरून दूरवर जाते आणि भरवस्तीत तो धोका पत्करता येत नाही. रायफलचे काम जवळच्या व स्थिर लक्ष्यांपुरते राखलेले असे.

१८८६ मध्येच लिलियन स्मिथ ही पंधरा वर्षांची मुलगी खेळात आली व स्वतःला श्रेष्ठ नेमबाज म्हणवू लागली. ॲनी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. याच सुमारास तिने आपले जन्मसाल १८६६ सांगण्यास सुरुवात केली आणि ही सहा वर्षांची चूक पुढे अनेक ग्रंथांत शिरली.

युरोप

१८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त खेळ लंडनला गेला. ११ मे रोजी राणीसाठी खास प्रयोग झाला व राणीने ॲनीला बोलावून घेतले. लंडनच्या गन क्लबांतही तिला आमंत्रणे येऊ लागली. कोडीशी बेबनाव झाल्याने हंगामाच्या अखेरीस तिने खेळ सोडला. लिलियन स्मिथ बाहेर पडल्यानंतर, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी, ती परतली आणि १८९२ पर्यंत खेळाबरोबर युरोपभर फिरली.

जर्मनीचा राजपुत्र विल्हेल्म, म्हणजे पुढचा कैसर, याच्या सिगारेटची राख तिने गोळीने उडवली, ही तिच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा आहे. सिगारेट तोंडात होती की हातात, याबाबत कथनांत एकमत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या नेमाबद्दलचे विनोद अमेरिकन वृत्तपत्रांत फिरत होते. त्या विनोदांतूनच कथेला तिचे सध्याचे रूप मिळाले असावे.

साधी रायफल

ॲनीकडे पुढे नक्षीकाम केलेल्या, भेट मिळालेल्या अनेक बंदुका होत्या. तरी तिचे काही अत्यंत अवघड विक्रम लहान व स्वस्त पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलीवर झाले आहेत. १८८४ मध्ये ओहायोतील टिफिन येथे तिने स्टीव्हन्स कंपनीच्या अशा रायफलीने हवेत फेकलेल्या १००० काचेच्या गोळ्यांपैकी ९४३ फोडले. मॅसॅच्युसेट्समधील ही कंपनी सामान्य खरेदीदाराला परवडतील अशा रायफलींसाठी ओळखली जाई. १८९३ मध्ये मार्लिनच्या पॉइंट टू टू रायफलीने १२ यार्डांवरून तिने २७ सेकंदांत २५ गोळ्या झाडल्या व बदामाच्या एक्क्यावरचे चिन्ह पूर्ण नाहीसे करून तेथे एकच भोक पाडले. कंपनीने याची पुढे जाहिरात केली, पण पत्ताच पुरावा म्हणून समोर होता.

शॉटगनच्या विक्रमांत १८८५ च्या फेब्रुवारीतील ५००० गोळ्यांपैकी ४७७२ फोडल्याचा विक्रम विशेष आहे. त्या दिवशी तिने आपल्या बंदुका स्वतःच भरल्या होत्या.

पॉइंट टू टूचे काडतूस लहान, त्याला धक्का कमी, आवाज कमी आणि खर्चही कमी. परसात, गावाबाहेरच्या टेकाडापुढे किंवा दिव्याच्या उजेडात कोठारात सराव करणाऱ्या माणसाला तेच सोयीचे. स्त्रियांनी प्रथम याच रायफलीवर हात बसवावा आणि मग शॉटगनकडे वळावे, असा तिचा आग्रह असे.

१ नोव्हेंबर १८९४ रोजी थॉमस एडिसनच्या वेस्ट ऑरेंज येथील चित्रीकरणगृहात तिचा व फ्रँकचा छोटा चलच्चित्रपट घेण्यात आला. अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळाचा हा पट आजही पाहता येतो. त्यात ती रायफल खांद्याला लावून भराभर गोळ्या झाडते आणि फ्रँक फेकत असलेले काचेचे गोळे फोडते. सिनेमाच्या पडद्यावर आलेल्या आरंभीच्या स्त्रियांपैकी ती एक ठरते.

विचार व स्वभाव

५ एप्रिल १८९८ रोजी, स्पेनशी युद्ध जवळ आलेले असताना, तिने राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांना पत्र पाठवून ५० स्त्री नेमबाजांची तुकडी देऊ केली. या स्त्रिया शस्त्रे व दारूगोळा स्वतःचाच आणणार होत्या. प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. १९१७ मध्ये तिने असाच प्रस्ताव पुन्हा मांडला, त्याचेही तेच झाले. मग ती स्वखर्चाने लष्करी छावण्यांत प्रात्यक्षिके करीत फिरली. तिचा डेव्ह नावाचा कुत्रा रुमालात गुंडाळून लपवलेले पैसे वास घेऊन शोधी व ते रेडक्रॉसला दिले जात.

प्रत्येक स्त्रीला बंदूक चालवता यावी असे म्हणणारी ॲनी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीपासून मात्र दूर राहिली. घोड्यावर ती एका बाजूला पाय घेऊनच बसे, पँट घालण्यास तिचा विरोध होता आणि पोशाखाच्या मर्यादेविषयी ती काटेकोर होती. तिला आजच्या अर्थाने स्त्रीवादी ठरवण्याचे प्रयत्न होतात. तिने स्वतः तसे कधी म्हटले नाही आणि तिच्या वर्तनात दोन्ही गोष्टी होत्या.

२९ ऑक्टोबर १९०१ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील लेक्झिंग्टनजवळ 'वाइल्ड वेस्ट'च्या आगगाडीला अपघात झाला. शंभरहून अधिक घोडे मेले. ॲनीच्या पाठीला दुखापत झाली व तिने खेळ सोडला. या धक्क्याने तिचे केस एका रात्रीत पांढरे झाले, ही कथा अभ्यासकांना मान्य नाही.

बदनामीचे खटले

ऑगस्ट १९०३ मध्ये शिकागोतील, विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याच्या मालकीच्या वृत्तपत्रांनी बातमी छापली की ॲनी ओकली कोकेनच्या व्यसनापायी चोरी करताना पकडली गेली आहे. तारेवरून ही बातमी देशभर गेली व अनेक पत्रांनी शहानिशा न करता छापली. अटक झालेली स्त्री वेगळीच होती. तिने पोलिसांना हे नाव सांगितले होते. ॲनी तेव्हा न्यू जर्सीत होती.

बहुतेक पत्रांनी चूक लक्षात येताच माघार घेतली. ॲनीला ते पुरेसे वाटले नाही. निराधारगृहातून आलेल्या, रिंगणात काम करणाऱ्या स्त्रीजवळ अब्रू हीच मिळकत होती आणि ती एका दिवसात देशभर मलिन झाली होती. तिने ५५ वृत्तपत्रांवर दावे लावले. पुढची सहा-सात वर्षे ती गावोगावच्या न्यायालयांत साक्षीसाठी फिरत राहिली. प्रतिपक्षाच्या वकिलांचे टोकदार प्रश्न, रंगमंचावरच्या उड्या व पोशाखांविषयीची शेरेबाजी हे सर्व तिने सोसले. हर्स्टने तिच्या गावी गुप्तहेर पाठवून पूर्वायुष्यात काही वावगे सापडते का, हेही पाहिले. काही सापडले नाही. ५५ पैकी ५४ दाव्यांत तिला निकाल किंवा तडजोडीने यश मिळाले.

मिळालेल्या भरपाईपेक्षा खर्च अधिक झाला आणि नेमबाजीची उमेदीची वर्षे न्यायालयांत गेली. व्यवहाराच्या हिशेबाने हा तोट्याचा सौदा होता.

शिक्षिका

१९११ ते १९१३ या काळात तिने 'यंग बफेलो' या खेळात पुन्हा काम केले व नंतर निवृत्त होऊन मेरिलँडमधील केंब्रिज येथे घर बांधले. स्वस्थ बसणे तिला जमले नाही. नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट या विश्रामस्थळी ती व फ्रँक हिवाळे घालवू लागले आणि तेथे तिने स्त्रियांसाठी नेमबाजीचे वर्ग सुरू केले. आयुष्यभरात तिने सुमारे १५,००० स्त्रियांना शिकवले असा अंदाज दिला जातो. शिकवण्याची फी ती घेत नसे, असे तिच्या परिचितांनी नोंदवले आहे. अनाथ मुलींच्या शिक्षणासाठी व क्षयरुग्णांसाठी तिने मदत केली. मिळालेली बरीच सुवर्णपदके वितळवून आलेली रक्कम तिने दान केली.

१९२२ मध्ये, ६२ व्या वर्षाच्या आसपास, तिने १६ यार्डांवरून सलग १०० मातीची लक्ष्ये फोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात मोटार उलटून तिच्या कमरेला व पायाला गंभीर इजा झाली. उजव्या पायाला पोलादी आधार बसवावा लागला. दीड-दोन वर्षांत ती पुन्हा उभी राहून नेम धरू लागली.

अखेर

१९२५ नंतर तिची प्रकृती ढासळली. ती डार्क काउंटीत परतली व ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ग्रीनव्हिल येथे रक्तक्षयाच्या एका गंभीर प्रकाराने तिचे निधन झाले. फ्रँक त्या वेळी मिशिगनमध्ये आजारी होता. ॲनीच्या पश्चात १८ दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, तोही वारला. दोघांची समाधी ग्रीनव्हिलजवळच्या ब्रॉक येथील दफनभूमीत शेजारी शेजारी आहे.

नंतरची प्रतिमा

१९३५ मध्ये बार्बरा स्टॅनविक हिची भूमिका असलेला चित्रपट आणि १९४६ मध्ये आयर्व्हिंग बर्लिन याच्या संगीताचे 'ॲनी गेट युअर गन' हे ब्रॉडवे नाटक आले. नाटकातील ॲनी प्रियकराचा मान राखण्यासाठी अखेरचा सामना मुद्दाम हरते. प्रत्यक्षातला सामना तिने जिंकला होता आणि हरलेल्या माणसानेच पुढे आयुष्यभर तिच्या बंदुका भरल्या. नाटक मात्र अधिक लोकप्रिय ठरले आणि अनेकांच्या मनात तीच ॲनी आहे.

१९९३ मध्ये तिचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला सन्मानदालनात झाला. ग्रीनव्हिलच्या गार्स्ट संग्रहालयात तिच्या बंदुका, पोशाख व कागदपत्रे पाहता येतात.